सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

"बिल्ला जागेवर असता, तर माझा दादा वाचला असता का?"

हा प्रश्न वसंतानं साहेबांना विचारला, डॉक्टरांना विचारला, फळ्यापाशी बसणाऱ्या तातेरावांना विचारला.  शेवटी त्यानं मला तळहातावर घेतलं आणि मलाच विचारलं. मी पत्र्याचा बिल्ला, मला तोंड कुठलं? पण प्रश्न माझ्यावरूनच आहे, म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म झाला तेव्हा शहराची भुयारी मेट्रो नुसती कागदावर होती. रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकले होते आणि आत माती तपासायला भोकं पाडत होते. मग रस्ता फोडून खड्डा खणला. एखाद्या गावच्या साऱ्या विहिरी त्यात मावल्या असत्या. त्या खड्ड्याच्या तोंडाशी एक लाकडी फळा उभा राहिला. डाव्या बाजूला लिहिलं 'आत', उजव्या बाजूला 'बाहेर'. खाली उतरणाऱ्यानं आपला बिल्ला 'आत'च्या खिळ्यावर लावायचा, वर आल्यावर 'बाहेर'ला. माणूस किती का विश्वासाचा असेना, हिशेब बिल्ल्याचा.

माझ्यावर सत्तेचाळीस आकडा ठोकला होता. मी मिळालो राजानंदला. तो हसनाबाद गावचा, आधी जालन्यात सळयांच्या कारखान्यात होता. त्याच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ वसंताही आला. सातवीत शाळा सोडलेला, मनात आलं की लगेच पळणारा.

"दोघं भाऊ एकाच बिळात?" तातेराव पहिल्याच दिवशी म्हणाले. ते अंबडचे, फळ्याची राखण त्यांच्याकडे. "गावाकडं काय उंदीर कमी पडले व्हते?"

"तुम्ही बोका होऊन बसलेत ना वर," राजानंद म्हणाला. "मंग आम्हाला कशाची भीती?"

भीती मला होती. मी कधी खाली जात नव्हतो. मला फक्त वाट पाहायची होती.

मग खोदणारं मशीन आलं. तुकड्यातुकड्यांनी क्रेननं खाली सोडलं. आमची माणसं त्याला म्हैस म्हणायची. म्हैस पुढची माती खायची आणि मागं सिमेंटच्या कड्या एकीला एक लागत जायच्या. त्या कड्यांचंच भुयार झालं. म्हैस चालली की फळा थरथरायचा आणि आम्ही सारे बिल्ले खिळ्यांवर किणकिणायचो. सुरुवातीला दात वाजावेत तसे वाजायचो. मग म्हैस लांब गेली, वाजणं कमी झालं. एक दिवस काहीच ऐकू येईना. तेव्हापासून माझी भीती फार वाढली. माणसं अजून खालीच होती, फक्त मला त्यांचा पत्ता लागत नव्हता.

म्हैस पुढच्या स्टेशनाची भिंत फोडून बाहेर पडली त्या दिवशी माणसं गुलाल उधळून नाचली. राजानंद गुलालानं लाल होऊन वर आला. मला 'बाहेर'ला लावताना माझ्यावरही बोटं उमटली. आता संपलं, असं मला वाटलं. पण दोन भुयारांना जोडणारी आडवी वाट अजून खोदायची होती. तिथं म्हैस चालत नाही, माणसंच लागतात.

खड्ड्याजवळच्या वस्तीत दोघा भावांची खोली एक, किल्लीही एकच. किल्ली हरवायला नको म्हणून राजानंदनं ती माझ्याच भोकात सुतळीनं बांधली होती. चूक तिथंच झाली. जो आधी वर येईल त्यानं मला उचलायचं, खोली उघडायची, भात टाकायचा. दोघांना याची सवय लागली होती.

त्या दुपारी वसंता आधी आला. त्यानं आपला बिल्ला 'बाहेर'ला लावला आणि 'आत'च्या खिळ्यावरून मला ओढलं.

"ए, ठेव त्याला!" तातेराव ओरडले. "राजा दिसू दे आधी."

"दादा माझ्या मागंच हाये काका. पाइप गुंडाळून येऊन राह्यला. लई भूक लागली!"

आणि तो पळाला. मला कुलपात अडकवून त्यानं गॅस पेटवला. मी दाराला लटकत होतो, आणि दार थरथरायला लागलं. म्हैस तर केव्हाच काढून नेली होती. मग हे काय थरथरतंय? मग भोंगा वाजला. कुठल्या तरी जुन्या नाल्याचं पाणी माती घेऊन त्या आडव्या वाटेत घुसलं होतं. तिकडं धावपळ झाली. तातेरावांची पाळी तेवढ्यात संपली होती, साहेबांनी नुसता फळा पाहिला. 'आत'चा एकही खिळा भरलेला नव्हता.

"सगळे बाहेर," कुणीतरी म्हणालं.

मला ओरडता आलं असतं तर!

वसंता भोंगा ऐकून दारात आला. त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं मला उपसलं आणि मुठीत धरून धावत सुटला. "दादा आत हाये! माझा दादा आत हाये!" त्याच्या मुठीच्या घामात मी भिजलो. माणसं लगेच उतरली. राजानंद वर आला, पण चालत नाही.

त्यानंतर मला कुणी फळ्यावर लावलं नाही. मी ना आत, ना बाहेर. वसंताच्या खिशात हसनाबादला आलो. तिकडे भुयारात रूळ पडले, दिवे लागले, भिंतींना चकचकीत फरशी बसली. मेट्रो सुरू झाल्याची बातमी दोघांच्या मायनं, मालनबाईंनी ऐकली आणि लेकाला म्हणाल्या, "मला दाखव ती जागा."

सरकत्या जिन्यापाशी माय थबकली. वसंतानं तिचा हात धरला. पहिल्यांदाच मी खाली उतरत होतो. खिशात मी किल्लीवर आपटत होतो. गाडी सुटली. समोरची पोरगी मोबाइलमध्ये हसत होती. काळोख, काळोख, मग काळोखात त्या आडव्या वाटेचं लोखंडी दार झपकन मागं गेलं.

"इथंच का?"

"हां माय. किल्ली मीच नेल्ती."

मालनबाईंनी काचेला हात लावला. मग म्हणाल्या, "भूक लागली व्हती तुला."

वसंता सगळ्यांसमोर रडला. पोरगीनं मोबाइल खाली घेतला.

लोकहो, त्या वाटेनं खुशाल जा. पण खाली कुणी काम करत असेल, तर माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्याचा बिल्ला उचलू नका. एवढंच मागणं.

गावी आल्यावर वसंतानं किल्लीची सुतळी दातांनी तोडली. दारामागं एक खिळा आहे. सुट्टीला आला की राजानंद त्यावर सदरा टांगायचा. वसंतानं मला आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि त्या खिळ्यावर लावलं.

"दादा," तो म्हणाला, "बाहेर."