खटक्यामागचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हसू नका! माझा स्पीकर बसला असेल, झाकण दोऱ्याने बांधलेले असेल, पण माझ्याकडे एका घराचे आवाज आहेत.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेथून या घरातल्या बाबांनी मला मांडीवर बसवून घरी आणले. आपल्या वडिलांच्या गोष्टी जपून ठेवायच्या, हा त्यांचा ध्यास. हे आजोबा घड्याळे दुरुस्त करत. भर पुरात मनोऱ्याच्या घड्याळाचे चाक डोक्यावर घेऊन ते कसे चालत गेले, ही गोष्ट घरात पन्नासदा तरी झाली असेल. दर रविवारी दुपारी मला टेबलावर मधोमध ठेवत. पाहुणे माझे कौतुक करत आणि मी अगदी फुगून जाई.

आईला मात्र गप्प बसवत नसे. ती स्वयंपाकघराच्या दारातून टोके, "मामंजी, मागच्या खेपेला चार मैल होते, आज सात कसे झाले?" सगळे खो खो हसत, आजोबासुद्धा. पण तिने तोंड उघडताच बाबांनी माझे पॉजचे बटण दाबलेले असे. "अगं, टेप वाया जाते ना!" आई थांबली की गोष्ट पुढे सुरू.

पुढे नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. कोणी ढुंकूनही पाहिले नाही. आजोबा गेले. मागच्या वर्षी आईही गेली.

मग एके दिवशी आई-बाबांच्या मुलीने, ताईने, मला खाली काढले आणि माझा टेप फिरवणारा, सैल झालेला पट्टा बदलून आणला. घरात आईचे फोटो ढीगभर होते, आवाज कुठेच नव्हता. तो तिला हवा होता.

अकरा कॅसेटी तिने कान लावून ऐकल्या. आजोबा बोलत, मग 'खट्', पुन्हा आजोबा. माझा जीव तीळतीळ तुटत होता. पण जे मला कधी दिलेच नाही, ते मी कुठून आणणार?

"बाबा, हा खटका कसला हो?"

बाबांचा चेहरा उतरला. "तिथे तुझी आई बोलायची गं. मीच बंद करायचो. वाटायचं, ती काय, रोजच बोलते."

ताई खूप रडली. मग तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केले आणि मला पुन्हा वाजवले. "आता प्रत्येक खटक्याला आई काय म्हणाली, ते सांगा."

खट्. "चार मैल, म्हणाली."

खट्. "चहा निवतोय, म्हणाली."

खट्. बाबांनी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. "हे नाही गं आठवत."

असे एकोणीस आठवले. बाकीचे नुसते खटके राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी गोष्ट सांगू लागले, तर ती जरूर टिपून घ्या. आणि मध्येच कोणी टोकले, हसले, तर हात जोडून सांगतो, त्यांनाही बोलू द्या.