ओटीतला नारळ आणि पोटातली गाठ

सर्वण गावच्या माळावर नारळबाबांच्या मांडवात बायकांची रीघ लागली होती. मूल होत नसलेल्या बाईने बाबांकडचाच नारळ विकत घ्यायचा, रोज ओटीत धरून बसायचं आणि अमावास्येला परत आणायचा. बाबा तो फोडत. आतून केसांचा काळा गुंता निघे.

"डॉक्टरांचं यंत्र नुसतं बघतं! आमचं श्रीफळ करणीची गाठ खेचून काढतं!" बाबा गरजत आणि अख्खा मांडव हात जोडी.

पेडण्याच्या शेवंतीबाईंनी सून गौरवीसाठी असाच नारळ आणला. गौरवीच्या सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली होती. ती नेमकी कुठे आहे हे कळावं म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता.

"जा, पण नारळ ओटीतसून काढू नको," सासूबाईंनी बजावलं आणि स्वतःही सोबत निघाल्या.

तपासणी केंद्रातल्या डॉ. संजना हसल्या. "मावशी, नारळ घेऊन मशीनमध्ये झोपता येत नाही. पण हिचं झालं की त्याचाही फोटो काढू." आत लोखंड नाही ना, एवढं त्यांनी आधी तपासून घेतलं.

थोड्या वेळाने पडद्यावर दोन चित्रं शेजारी-शेजारी आली. एकात गौरवीचं गर्भाशय आणि त्याच्या पोकळीत डोकावणारी गाठ. दुसऱ्यात नारळ, पाणी पांढरंशुभ्र, त्यात काळा गुंता.

"बघ गो! गाठ नारळात इली!" शेवंतीबाई हरखल्या.

"आली खरी. पण गौरवीची गाठ होती तिथेच आहे," डॉ. संजना म्हणाल्या.

शेवंतीबाईंनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. "मगे नारळात ही खंयसून इली?"

डॉक्टरांनी पडद्यावरच्या नारळाच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "इथे भोक आहे. वरून बुजवलंय." मग त्या गौरवीकडे वळल्या. "आणि तुझी ही साधी मांसाची गाठ. करणी नव्हे, पापही नव्हे. पोट न कापता दुर्बिणीने काढता येते."

गौरवीचे डोळे भरून आले.

अमावास्येला बाबांनी नारळ उचलला, तोच शेवंतीबाईंनी तो हिसकावून घेतला. "फोडू नकात! आत काय आसा ता मी सांगतंय. केसांचो गुंतो!" त्यांनी शेंडी उपटली, डोळ्यावरचं मेण नखाने खरवडलं आणि आपल्या अंबाड्यातल्या आकड्याने गुंता बाहेर ओढला.

"यंत्राने मंत्र बाटला!" बाबा ओरडले.

"मंत्र बाटलो, पण मेण बरा तसाच रवला!" एक बाई म्हणाली. मांडव खदखदून हसला आणि बायका आपापल्या नारळांच्या शेंड्या उपटू लागल्या.

इस्पितळात गौरवीची शस्त्रक्रिया नीट झाली. "आता मूल होतलाच मगे?" शेवंतीबाईंनी विचारलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "शक्यता वाढली. खात्री देता येत नाही."

बाबा मात्र सगळ्यांना खात्री देत होते. वाचकहो, जो आपलं म्हणणं तपासू देतो आणि ठाऊक नसेल तिथे 'ठाऊक नाही' म्हणतो, त्याच्याकडे जा. बाईच्या दुःखाला करणी म्हणणाऱ्याकडे नको.