परस्पर बसवलेल्या स्प्रिंगा

वनजाने गाडीच्या स्प्रिंगा निवडण्यात अख्खा उन्हाळा घालवला होता. गाडी तिची स्वतःची होती. लहान, लाल, कुणीतरी आधी वापरलेली. साड्यांच्या एका कारखान्यात ती नक्षीच्या विभागात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर जायची. तिथे म्हैसूरचा एक हौशी क्लब रबरी शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा आणि एकेका गाडीची वेळ मोजायचा. मागच्या वर्षी तिथे तिची गाडी प्रत्येक वळणावर गच्च भरलेल्या बससारखी एका अंगावर कलली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात आखूड स्प्रिंगा होत्या.

पण त्या गाडीत ती एकटी बसत नव्हती. म्हैसूरच्या बोगादी भागातल्या घरात ती आणि तिचे वडील नागोजीराव, दोघंच राहायचे. नागोजीरावांनी सगळी नोकरी सरकारी बस चालवण्यात काढली होती, आणि वनजाच्या हातात स्टिअरिंग दिलं तेही त्यांनीच. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा एक मणका दबला. धक्के टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं. तरी दर महिन्याला टी. नरसीपूरला थोरल्या बहिणीकडे, इंदिराबाईंकडे, गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. धक्क्यांमुळे बसने जाणं बंद झालं होतं. उरली ती वनजाची गाडी.

म्हणून तिला मधलं काहीतरी हवं होतं. स्प्रिंगा आखूड केल्या की गाडी जमिनीलगत येते, वळणावर कमी कलते. पण त्या कडकही होतात आणि चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते. ती जागा संपली की खड्ड्याचा मार थेट बसणाऱ्याच्या पाठीत जातो. वनजाने क्लबातल्या ज्यांनी ज्यांनी स्प्रिंगा बदलल्या होत्या त्यांच्या गाड्यांत बसून पाहिलं. पुढे नव्हे, मागच्या सीटवर, कारण वडील, तिचे अप्पा, मागे बसत. शेवटी तिने एक जोड पक्का केला. त्याने गाडी जेमतेम दीड बोट खाली येणार होती. त्या स्प्रिंगांची एका टोकाची वेटोळी जवळजवळ होती आणि दुसऱ्या टोकाची लांबलांब. लहान खड्डे जवळची वेटोळी पोटात घेणार आणि वळणावर लांबची वेटोळी गाडी तोलून धरणार. मूळचे शॉक अब्सॉर्बरही त्यांना चालणार होते. तिने अप्पांना कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि हाच घे म्हणाले.

मंडी मोहल्ल्यात भीमसेनचं गॅरेज होतं. माणूस कामाला चांगला, पण त्याची एक खोड वनजाला पहिल्यापासून खटकायची. प्रश्न ती विचारायची आणि भीमसेन उत्तर द्यायचा ते तिच्या भावाकडे बघून. भाऊ म्हणजे संताजीराव, तिच्याहून मोठा. त्याचं त्याच मोहल्ल्यात मोबाइलच्या सामानाचं दुकान होतं आणि तो वेळ मिळेल तेव्हा गॅरेजात येऊन बसायचा. वनजाने तो जोड भीमसेनकडे मागवला, पुन्हा पुन्हा नाव सांगून मागवला. स्प्रिंगा बेंगळूरुहून आल्या त्या आठवड्यात कारखान्यात दसऱ्याच्या मालाची घाई होती. संताजीराव म्हणाला, मी गाडी नेतो, काम करून आणतो. तिने आनंदाने दुसरी किल्ली दिली.

संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा देखणी दिसत होती, यात वाद नव्हता. चाकं जवळजवळ पत्र्याच्या आत गेली होती. वनजाने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली की ही दीड बोटाहून बरीच खाली वाटते. संताजीरावाने हात झटकला. नव्या स्प्रिंगा असल्या की असंच दिसतं, तू फार विचार करतेस, असं तो म्हणाला. अप्पा दारात उभे होते. ते आत निघून गेले.

पुढचे काही दिवस तिने गाडी एकटीने चालवली. रिंग रोडच्या वळणांवर गाडी रस्त्याला चिकटून चालायची, पण गल्लीत शिरली की प्रत्येक खड्डा दातांपर्यंत पोहोचायचा. वनजा मनात खट्टू झाली. आपलाच अंदाज चुकला, असं तिने धरून चाललं. इतक्या गाड्यांत बसून, इतकं वाचून आपल्याला साधं हेही जमलं नाही, असं तिला वाटत राहिलं. अप्पांना तिने तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

मग नरसीपूरला जायचा रविवार आला. तिने मागच्या सीटवर दोन उशा ठेवल्या आणि गाडी सावकाश काढली. रस्ता बहुतेक चांगलाच होता. पण एका गावाच्या तोंडाशी कुणीतरी नवा हंप घातला होता, पांढरा पट्टा नाही, पाटी नाही, झाडाच्या सावलीत दिसलाच नाही. ब्रेक लागला तोवर पुढची चाकं चढली होती. गाडीचं पोट रस्त्याला घासलं आणि मागची चाकं उतरताना खालून असा दणका बसला की वनजाच्या तोंडून 'आई गं' निघालं. मागून आवाज आला नाही. तिने आरशात पाहिलं. अप्पांनी खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे मिटले होते. तिने गाडी कडेला घेतली, दार उघडलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. काही नाही, चल, एवढंच ते म्हणाले.

इंदिराबाईंच्या दारात त्यांना गाडीतून उतरता येईना. वनजाने आणि शेजारच्या दोघांनी धरून आत नेलं, चटईवर आडवं केलं. इंदिराबाई सत्तरी ओलांडलेल्या, आवाजाने खणखणीत. त्यांनी भावाच्या पाठीखाली घडी केलेली रजई सरकवली, मग बाहेर जाऊन गाडीकडे बघितलं आणि आत येऊन त्याच्यासमोर बसल्या.

"नागू, तू हिला सांगितलं नाहीस?"

नागोजीरावांनी भिंतीकडे तोंड केलं.

"काय सांगायचं होतं?" वनजाने विचारलं.

इंदिराबाईंनी सगळं सांगून टाकलं. गाडी नेली त्याच दिवशी संताजीने गॅरेजातून वडिलांना फोन केला होता. वनजाने मागवलेल्या स्प्रिंगांनी काही फरक दिसणार नाही, मी सगळ्यात खाली बसणाऱ्या घालतोय, तिला कळणारही नाही, असं तो म्हणाला होता. नागोजीरावांनी ते बहिणीला फोनवर सांगितलं होतं आणि वनजाला सांगायचं टाळलं होतं. "सुम्ने, उगीच, गप्प बसला हा," इंदिराबाई म्हणाल्या. "भावाबहिणीत वाद नको म्हणे."

वनजा उठून परसात गेली. तिथल्या नळाखाली तिने तोंड धुतलं. राग असा आला होता की पाणी थंड आहे की गरम तेही तिला कळलं नाही. भावाने फसवलं होतं, पण त्याहून जास्त तिला ते दिवस आठवत होते, जेव्हा ती स्वतःला दोष देत फिरली आणि समोर बसलेल्या माणसाला खरं काय ते माहीत होतं. ती आत आली आणि वडिलांच्या पायाशी बसली.

"मी चुकले, मी चुकले म्हणत होते तेव्हा तरी सांगायचं होतं, अप्पा."

"तुम्ही दोघं भांडला असता."

"भांडलो असतो. तुमची पाठ वाचली असती."

डॉक्टर येऊन गेले. मणका नव्याने मोडला नव्हता, पण काही दिवस हलायचं नाही असं सांगून गेले. नागोजीराव बहिणीकडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी वनजाने कारखान्यात रजा सांगितली आणि नरसीपूरहून थेट मंडी मोहल्ला गाठला. प्रत्येक हंपाशी ती जवळजवळ थांबत होती, मागचे लोक हॉर्न मारत होते. भीमसेनने तिला पाहिलं आणि त्याची नजर सवयीने तिच्या मागे गेली, संताजीराव आहे का बघायला.

"इकडे बघा," वनजा कन्नडमध्ये म्हणाली. "गाडी कोणाची आहे?"

तुमचीच, मॅडम, असं तो म्हणाला. मग स्प्रिंगा कोणाच्या सांगण्यावरून बदलल्या, हे तिने विचारलं. भीमसेन हात पुसत राहिला. घरचा माणूस येऊन सांगतो, मी त्याला नाही कसं म्हणणार, असं त्याचं म्हणणं पडलं. शिवाय सगळी पोरं हल्ली ह्याच बसवतात, दिसायला छान दिसतात. तिने मागवलेला जोड न उघडता फळीवर पडलेला होता. तिला एक फोन करावा असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आणि इतकी खाली आलेली गाडी त्यांच्यावर बसू नये म्हणून त्याने आतले रबरी टेकूसुद्धा कापले होते. धक्क्याच्या शेवटी तेच तर गाडी सांभाळतात.

"माझे वडील आडवे पडलेत," वनजा म्हणाली. "त्यांच्यासाठी मी हा जोड निवडला होता. तुम्हाला मी तो का हवा तेही सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंत, मान हलवलीत आणि ठेवून दिलात."

गॅरेजातली दोन माणसं काम थांबवून बघत होती. भीमसेनने उद्या बदलून देतो म्हटलं. ती म्हणाली की आज, आणि मी इथेच बसणार आहे. त्याने गाडी वर घेतली.

कुणीतरी दुकानात निरोप दिला असणार, कारण थोड्याच वेळात संताजीराव आला. वडिलांचं त्याला कळलं होतं; त्याचा चेहरा उतरलेला होता. पण गॅरेजात माणसं आहेत हे पाहिल्यावर तो ताठ झाला. स्प्रिंगांवरून सुम्ने तमाशा कशाला, हंप दिसला नाही ही चालवणाऱ्याची चूक, गाडी सगळ्यांनी वळून बघावी म्हणून मी तुझ्यासाठीच केलं, असं तो एका दमात बोलला.

वनजा स्टुलावरून उठली नाही.

"अण्णा, तू भीमसेनला सांगितलंस. अप्पांना सांगितलंस. अप्पांनी आत्याला सांगितलं. माझी गाडी, आणि सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नाही. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणून विचारलं नाहीस."

तो चाकाकडे बघत राहिला.

"माझी दुसरी किल्ली दे," ती म्हणाली.

त्याने खिशातून जुडगा काढला, किल्ली सोडवायला त्याला वेळ लागला, आणि ती तिच्या हातात न देता भीमसेनच्या टेबलावर ठेवून तो निघून गेला. वनजाने ती उचलली. भीमसेनने तिच्या स्प्रिंगा बसवल्या, नवे टेकू घातले. या वेळी प्रत्येक नट आवळताना तो तिच्याकडे बघून बोलत होता. तिला त्याचं काही कौतुक वाटलं नाही.

घरी जायच्या आधी तिने गाडी चामुंडीच्या घाटावर नेली. वर जाताना वळणं एकामागून एक आली आणि गाडी सरळ अंगाने वळत गेली. खाली उतरताना रस्त्याचा उखडलेला तुकडा लागला तो तिने मुद्दाम टाळला नाही. चाकं हलली, गाडी हलली नाही. आपला अंदाज बरोबर होता हे तिला आता कळलं, पण त्याने बरं वाटण्याऐवजी राग पुन्हा चढला. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून ती थोडी रडली.

आठवड्याने ती अप्पांना आणायला गेली. परतीच्या वाटेवर तो बिनपट्ट्याचा हंप आला, तिने गाडी सावकाश चढवली आणि उतरवली.

"आता कसं वाटतं?" तिने आरशात न बघता विचारलं.

"ठीक."

"ठीक नको, अप्पा. खरं सांगा."

नागोजीरावांनी खिडकीवरची मूठ सोडली. मग म्हणाले की पाठ दुखते आहे, सकाळपासूनच दुखते आहे, पण धक्क्याने वाढली नाही. डाव्या बाजूला बसलं की जास्त दुखतं. उशी एकच पुरे. आणि वळणावर तू उगाच इतकी हळू घेते आहेस, गाडी नीट बसली आहे. नोकरीतल्या सगळ्या बसेसबद्दल बोलायचे त्याच आवाजात ते हे बोलत होते. वनजाने पुढच्या वळणाला वेग कमी केला नाही.

त्या संध्याकाळी संताजीराव बोगादीला आला. त्याने फळं आणली होती. नागोजीरावांनी त्याला समोर बसवलं आणि वनजाला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं.

"तू मला फोन केलास तेव्हाच मी हिला सांगायला हवं होतं," ते मुलाला म्हणाले. "यापुढे हिच्यापासून लपवायचं काही मला सांगू नकोस. मी लपवणार नाही."

संताजीरावाने वडिलांच्या पाठीची चौकशी केली, औषधांची केली. बहिणीची माफी त्याने मागितली नाही. तासाभराने उठताना एका मित्राच्या लग्नाला गाडी मिळेल का, असं त्याने वडिलांना विचारलं. नागोजीरावांनी वनजाकडे बोट केलं. तिने नाही म्हटलं. तो चपला घालून गेला, आणि मोहल्ल्यात अजूनही सांगतो की आमची वनजा दोन स्प्रिंगांसाठी भावाशी भांडली.

हे कानावर आलं की वनजा चिडते. तिच्या रागाला आता बरेच महिने झाले, पण तो घालवायची तिला घाई नाही. क्लबाच्या पुढच्या शर्यतीत तिची गाडी मधल्या फळीत आली. नागोजीराव कडेला खुर्ची टाकून बसले होते, आणि परतताना सबंध रस्ताभर तिची कुठली तीन वळणं चुकली ते सांगत आले.