सहा उताणे उंदीर

विज्ञानात भावनेला जागा नसते, असं प्रयोगशाळेचे सर सांगत आणि आपला कप शिपायाने वापरला म्हणून त्याच्याशी आठवडाभर अबोला धरत.

तंत्रज्ञ काका तिथे एकवीस वर्षं होते. उंदराच्या डाव्या मांडीत शरीराबाहेर वाढवलेल्या स्नायूपेशी टोचायच्या, आठ आठवड्यांनी उंदीर मारायचा, दोन्ही मांड्यांचे स्नायू काढून, डाव्या-उजव्याची चिठ्ठी लावून गोठवायचे. पेशींना हिरवी खूण असे. सूक्ष्मदर्शकाखाली जगलेल्या चमकत, त्या मोजायच्या. उजवी मांडी कोरी, तुलनेपुरती; ती शेवटी बघायची.

या खेपेला सहाही उंदरांच्या डाव्या मांडीत ठिपका म्हणून नव्हता. संशोधक मुलगी चार वर्षं याच कामावर होती.

"काका, सगळ्याच मेल्या हो."

"होतं असं," काका म्हणाले.

संध्याकाळी बायको समोर येऊन बसली. "अहो, डावा खांदा चोळा जरा."

काकांनी चोळायला घेतला.

"अहो, माझा डावा! तुमचा नव्हे."

काकांचा हात थबकला. एरवी ते उंदीर पालथा ठेवून कापत. या खेपेला फळी नवी, उंदीर उताणा बांधायची, म्हणून उताणे ठेवले होते. उताण्या उंदराचा डावा पाय कापणाऱ्याच्या उजव्या हाताला येतो. हे त्यांनीच आजवर दरेक शिकाऊला बजावलं होतं.

दोन दिवस घास उतरला नाही. सहा जीव घेतले, तेही उलटे. तिसऱ्या दिवशी सरांनी मुलीला विषय बदलायला सांगितला. ती टेबल आवरू लागली, तेव्हा काका पुढे झाले.

"मॅडम, मी माती खाल्ली. चिठ्ठ्या उलट लागल्यात. डावी ती उजवी."

"काय सांगता! मग परवाच का नाही बोललात?"

"जीभ रेटेना."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे जिवंत असतील! काका, तुमच्या तोंडात साखर पडो!"

सर मात्र म्हणाले, "एकवीस वर्षं नोकरी, आणि डावं-उजवं कळेना? पहिलीत बसवू का परत?"

काकांनी माफीपत्र पुढे केलं. तारखेसकट लिहून आणलं होतं.

दुसऱ्या मांड्यांचे काप करण्यात दुपार गेली. मुलीने खोलीतला दिवा मालवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सहा उंदीर, चोवीस काप.

तिथेही एकही ठिपका नव्हता.