नीळकंठभाऊंचा हात

गजेंद्रला रेडिओवर ते स्टेशन लागलं, ही बातमी नीळकंठरावांना बायकोनं, मीनाक्षीबाईंनी, चहाबरोबर दिली आणि चहा कडू झाला. गजेंद्रनं भाऊंना सांगा म्हणून सकाळीच फोन केला होता. मीनाक्षीबाईंना रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, पोरगा मोठा गुणाचा निघाला हो.

पोरगा कसला, चांगला चाळिशीचा बाप्या, जवळच्या लालबर्रा गावात मोटारपंपांचं दुकान. त्याला या नादाला लावलं नीळकंठरावांनीच. बालाघाटच्या तारघरात त्यांनी उमेदीची वर्षं मोर्सच्या खटक्यावर कडकट्ट करण्यात घालवली. तिथं माणूस खटका दाबणाऱ्या हातावरून ओळखायचे. नीळकंठरावांचा शेवटचा ‘डा’, म्हणजे लांब ठोका, हमखास जास्तच लांबायचा आणि पलीकडचे तार घेणारे त्यावर हसायचे. तीच भाषा त्यांनी गजेंद्रला शिकवली, कारण विमानांना दिशा दाखवणारी केंद्रं अजूनही लांब लहरींवर त्याच भाषेत आपलं नाव पुटपुटत असतात. त्यांतली बहुतेक रोज लागतात. एक मात्र होतं कुठल्याशा आडबाजूच्या धावपट्टीवरचं, विमान यायचं असलं तरच चालू होणारं. त्याच्यासाठी नीळकंठरावांनी कित्येक हिवाळे कान टवकारून काढले. शहरातल्या बल्ब-चार्जरच्या खरखरीत ते कधी लागलं नाही. गजेंद्रनं शेताच्या बांधावर एरियलची तार ताणली आणि पहिल्याच हिवाळ्यात पकडलं.

या नादातल्या लोकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर नागपूरपासून कोलकात्यापर्यंतचे लोक त्याला ‘उस्ताद’ म्हणू लागले. कालपर्यंत हा मान नीळकंठरावांचा होता. गुरूची विद्या गुरूलाच फळली, म्हणतात ते हे. त्यांना मत्सर झाला, आणि साधासुधा नाही. जेवताना घास तोंडात फिरायला लागला.

मग त्यांनी बेत केला. जेवणाच्या डब्यात मावेल एवढा प्रेषक, म्हणजे ट्रान्समीटर, जुळवला. कुणाचंच नसलेलं एक नाव ठरवलं आणि लहरींवरची कुणीच वापरत नसलेली जागा निवडली. गजेंद्र हे नवं स्टेशन म्हणून हौसेनं ग्रुपवर टाकेल, जाणकार शोधतील, असलं काही अस्तित्वातच नाही म्हणतील आणि उस्तादाची पगडी खाली येईल. एवढंच त्यांना हवं होतं.

दिवेलागणीला गजेंद्र रेडिओ लावून बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्या सुमाराला ते स्कूटरवरून लालबर्राला पोचले, त्याच्या शेतापलीकडच्या पळसावर तार टाकली आणि उकिडवे बसून खटका दाबू लागले. बोटं गारठली होती, पण हात जुन्या सवयीनं चालला. किती वर्षांनी ते कुणाला तरी तार पाठवत होते! मजा वाटली, आणि मजा वाटल्याचा रागही आला.

मोबाईल पुन्हा पुन्हा बघितला. ग्रुप चूप. एवढ्यात फोनच वाजला.

“भाऊ,” गजेंद्र म्हणाला, “थंडी लय पडून राह्यली. तार गुंडाळा अन् घरी या. सरितानं चहा ठेवला.”

“तुले कोणी सांगितलं मी इथं आहो म्हणून?”

“तुमचा हात मी नाही ओळखणार त कोण ओळखन? मशीन कुठं असा डा लांबवते, भाऊ?”

नीळकंठराव खाली मान घालून गेले. गजेंद्रनं बायकोला, सरिताला, एवढंच सांगितलं होतं की भाऊ काही कामानं गावात आलेत. ते त्यांना जास्त लागलं. माणूस आपल्यापेक्षा हुशार निघाला तर एक वेळ सोसतं. वर भलाही निघाला तर कुणावर चिडायचं?

चहा अर्धा झाला असताना गजेंद्रचा रेडिओवरचा हात थांबला. त्यानं हेडफोन काढून नीळकंठरावांच्या कानांवर ठेवले. खरखर होती, आणि खरखरीच्या तळाशी, फार लांबून, तीन अक्षरं, त्याच आडबाजूच्या धावपट्टीचं नाव. थोडं थांबून परत तीच. नीळकंठरावांचे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी मनात आलं की घर त्याचं, तारही त्याची, म्हणजे लागलं तेही त्यालाच.

“लागलं का, भाऊ?”

“नाही,” नीळकंठराव म्हणाले. “नुसती खरखर आहे.”

गजेंद्र त्यांच्या गुडघ्याकडे बघत होता. तिथं नीळकंठरावांचं बोट तीच तीन अक्षरं वाजवत होतं, शेवटचा डा लांबवत.

“हौ,” गजेंद्र म्हणाला, “आज हवाच बरोबर नाही.” आणि हेडफोन त्यानं त्यांच्या कानांवरच राहू दिले.