वाक्य संपायच्या आधी

कार्डाचे चारही कोपरे अजून ताठ होते. पोस्टकार्डाएवढं पिवळसर कार्ड, वरच्या बाजूला विनीता मॅडमनी लाल पेनाने लिहिलेलं 'हळू बोल'... समीक्षाने अंगठ्याने एकेक कोपरा दाबून पाहिला, आणि चौथाही पहिल्याइतकाच टोचला तेव्हा तिला एकटीलाच हसू यायला लागलं. कारण गेल्या वर्षी ह्याच हॉलमध्ये, ह्याच तिसऱ्या रांगेत, तिचं नाव पुकारेपर्यंत हाताच्या घामाने कार्डाचा पार लगदा झाला होता. शाई तळहातावर उतरली होती, आणि स्टेजवर गेल्यावर 'अध्यक्ष महाराज' एवढे दोन शब्द बोलून पुढची अडीच मिनिटं ती आपल्या निळ्या हाताकडे बघत उभी राहिली होती. अडीच मिनिटं! तेवढ्यात माणूस दोन पोळ्या खातो. मग वर्षभर तिचं नाव अध्यक्ष महाराज. एसटीत चढताना 'अध्यक्ष महाराज, जरा पुढे सरका', प्रयोगशाळेत 'अध्यक्ष महाराज, ती परीक्षानळी द्या'. आणि हे नाव ठेवणारा ओमकार आत्ता स्टेजवर उभा राहून, सगळ्या तालुक्यासमोर, छाती काढून बोलत होता.

पण हात कोरडे होते. बघा तरी—कोरडे, ठणठणीत कोरडे!

फळ्यावर हिरव्या खडूने विषय लिहिला होता : मुसोलिनी विचारांचा माणूस होता, खुर्चीचा नव्हे. प्रत्येक शाळेतून दोघं, एक बाजूने, एक विरुद्ध, आणि सगळ्या मालवण तालुक्यातून कुडाळला जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी जाणार फक्त एक. समीक्षा विरुद्ध बाजूची. शिवाय बाबांनी जहाजावरून फोन करून बजावलं होतं की यंदाचं नववीचं वर्ष शेवटचं, जमलं तर ठीक, नाहीतर भाषणं बंद आणि दहावीचा अभ्यास सुरू. बाबांचा आवाज सिंगापूरजवळच्या समुद्रातून तुटत तुटत येत होता, तरी 'बंद' तेवढं स्पष्ट ऐकू आलं होतं. आणि बाबांच्या वतीने बघायला म्हणून की काय, आज तिचे आजोबा, आबा, आले होते. मागच्या दाराशी, खुर्ची रिकामी असूनही उभे, पांढरी टोपी हातात धरून—देवळात उभे राहतात तसे.

महिनाभर तो मुसोलिनी त्यांच्या घरी राहायलाच आला होता. पेजेच्या वेळी तो, शिकवणीला जाताना तो. आई ताट वाढताना विचारायची, "तुझो तो मुसोलिनी जेवलो काय गो?" आणि समीक्षा खरंच विचारात पडायची, काय जेवत असेल? लोहाराचा मुलगा. आई शाळेत शिकवणारी. लहानपणी मारामाऱ्या करणारा. त्या मुलाच्या डोक्यात नेमकं काय होतं? ती डोळे मिटून त्या डोक्यात शिरायला बघायची, आणि आत प्रत्येक वेळी दुसराच कोणीतरी भेटायचा. एकदा लाल झेंड्यावाला, एकदा काळ्या शर्टातला, एकदा नुसताच आरशासमोर हनुवटी वर करून उभा असलेला.

ओमकार तिकडे आपला हुकमाचा पत्ता टाकत होता. हा माणूस युद्धाविरुद्ध बोलला म्हणून तुरुंगात गेला. पुढे समाजवादी पक्षाच्या वृत्तपत्राचा संपादक झाला. मग महायुद्ध आलं, त्याचं मत बदललं, आणि ते मत त्याने बोलून दाखवलं म्हणून पक्षाने त्याला हाकललं. ज्याला खुर्ची हवी असते तो मिळालेली खुर्ची अशी लाथाडतो का? नाही. म्हणजे विचार चुकीचा असेल, भयंकर असेल, पण विचार होता!

टाळ्या. समीक्षानेही वाजवल्या, मनापासून. मुद्दा बिनतोड होता. तिच्या कार्डावर पाच मुद्दे होते आणि पाचांपैकी एकही त्या मुद्द्याला खोडत नव्हता... हे तिला आत्ता, नाव पुकारलं जात असताना कळलं. गेल्या वर्षी एवढ्यानेच ती मेली असती. आज तिला काय वाटलं? तिला मजा वाटली. समुद्रात छातीभर पाण्यात उभं असताना मोठी लाट लांबून फुगत येताना दिसते आणि आपण पळत नाही, टाचा वर करून वाट बघतो—तसं.

ती स्टेजवर गेली. 'अध्यक्ष महाराज' म्हणाली. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. ती थांबली, त्या दिशेला बघून म्हणाली, "हो, तीच मी," आणि सगळा हॉल हसला—तिच्यावर नव्हे, तिच्याबरोबर. हा फरक किती मोठा आहे! कानाला लगेच कळतो. पहिलं हसू पाठीवर बसतं, दुसरं पायाखाली येतं आणि आपल्याला उचलतं.

मग ती बोलत सुटली. १९१९ साली ह्या माणसाने बायकांना मत देऊ म्हणून जाहीर केलं. सत्तेवर आल्यावर, १९२५ साली, काही बायकांना गावच्या निवडणुकीत मत दिलंही. आणि पुढच्याच वर्षी गावच्या निवडणुकाच बंद केल्या. ताट वाढलं आणि स्वयंपाकघराला कुलूप लावलं. हशा. रोमवर त्याच्या माणसांनी मोर्चा नेला, चिखलातून, पावसातून. हा कुठे होता? हा मागाहून रात्रीच्या गाडीने, झोपायच्या डब्यातून आला. आणि ती गाडी वेळेवर होती की नाही ते मला ठाऊक नाही, पण कुडाळ स्टेशनवर आपल्याला थांबावं लागतं तेवढं कोणाला थांबावं लागलं नसेल. अजून हशा. जाड भिंगांचे परीक्षकसुद्धा हसले. विनीता मॅडम दोन्ही हातांनी 'हळू, हळू' करत होत्या.

आणि तरी ओमकारचा मुद्दा तिथेच होता. खडकासारखा. भरतीचं पाणी सगळीकडून येऊन त्याच्याभोवती फिरत होतं आणि तो भिजतही नव्हता.

तेव्हा तिला दाराशी आबा दिसले. टोपी हातात. आणि—मी ठरवलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं, मॅडमना विचारा हवं तर, कार्डावर बघा—तिने कार्ड खाली टेबलावर ठेवलं.

"तासभर आपण सगळे त्या एका माणसाच्या डोक्यात डोकावतोय," ती म्हणाली. "त्याचं डोकं इथे नाही. पण तो ज्या सज्ज्यातून भाषणं ठोकायचा त्याच्याखाली जी माणसं उभी होती, त्यांच्यासारखी माणसं इथे आहेत. जरा त्यांना विचारू."

आबा गावात गाऱ्हाणं घालतात. जत्रेला, शिमग्याला, कोणाच्या होडीला नवं इंजिन बसलं तरी. नारळ पुढे ठेवून सगळ्यांच्या वतीने देवाला सांगायचं आणि मागायचं, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी हात जोडून एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. समीक्षा चालायला लागायच्या आधी ते म्हणायला शिकली असेल. ह्या हॉलमध्ये असं एक पोर नव्हतं की ज्याला ते शिकवावं लागलं असतं. तिने डोळे मिटले, घशातून आबांचा तो लांब, चढत जाणारा सूर काढला—

"बा देवा म्हाराजा! आज ह्या हॉलात तालुक्याची सगळी पोरां जमली आसत, तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

मग डावीकडून, हसत हसत, पाचपंचवीस गळे : "व्हय म्हाराजा!"

"गणिताच्या पेपराक सोपी गणितां घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळेच. बाकांवर हात आपटत.

"जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची एक तास कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" छपराचे पत्रे थरथरले. तिने सूर आणखी चढवला, श्वास न घेता, मधे फट न ठेवता—

"आनी उद्यापासून ह्या हॉलात एकानच बोलूचा, बाकीच्यांनी तोंड उघडूचा नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तिचं वाक्य संपायच्या आधीच आलं ते. 'असा कर'वरच आलं. ती थांबली. एक... दोन... तीन. हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं, दिवे मालवत जावं तसं, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत.

"आत्ता तुम्ही कशाला होय म्हणालात?" तिने साध्या आवाजात विचारलं.

पंख्याची कटकट ऐकू येत होती.

"माझ्या डोक्यात विचार होता की खुर्ची, हे तुम्ही मला विचारलं नाहीत," ती म्हणाली. "त्यालाही कोणी विचारलं नाही. त्याच्या देशात भिंतींवर लिहिलेलं असायचं, मुसोलिनी नेहमीच बरोबर असतो. माझे मित्र ओमकार म्हणतात त्याच्याकडे विचार होता. असेल. पण ज्याला खरंच विचार प्यारा असतो, तो समोरच्याला वाक्य संपेपर्यंत ऐकायला लावतो."

घंटा वाजली. तिने कार्ड उचलून खिशात टाकलं. आणि मग जे झालं ते तिला नीट सांगताच येणार नाही. टाळ्या म्हणजे आवाज असतो असं तिला वाटायचं, पण तो आवाज नसतो, ते पाणी असतं, ते अंगावर येतं, नाकातोंडात जातं. निकालाच्या वेळी परीक्षकांनी तिचं नाव घेतलं तेव्हा विनीता मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि पर्स खाली पडली ती तशीच राहिली. कुडाळ! अठरा तारखेला कुडाळ! बाबांना मेसेज गेला, सिंगापूरजवळून अंगठा आला, एकच, पण केवढा तरी.

पाणी प्यायला गेली तर नळाशी ओमकार. तोंड धूत होता, उगाचच.

"चवथ्याक मीय व्हय म्हटलंय गो," तो नळाकडे बघत म्हणाला.

"तू तर माझ्या विरुद्ध होतंस."

"म्हणानच सांगतंय." मग त्याने तिच्याकडे बघितलं, आणि वाकून, अगदी मनापासून, "अध्यक्ष महाराज," म्हणाला. आज ते नाव पदवीसारखं ऐकू आलं.

एसटीतून उतरून ती आणि आबा दोघं सुरूच्या झाडांमधून घराकडे निघाली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. समीक्षा बोलायची थांबत नव्हती. कोण कसं हसलं, मॅडमची पर्स, जाड भिंगांचे परीक्षक, कुडाळला काय बोलायचं. मधेच तिच्या लक्षात आलं की आबांचं गाऱ्हाणं तिने त्यांना न विचारता उचललं. देवाचं होतं ते.

"बरा बोललंस," आबा म्हणाले. चपला काढून त्यांनी हातात घेतल्या, वाळू सुरू झाली होती. दहा पावलं गेल्यावर म्हणाले, "गाऱ्हाणा घालताना हाताक घाम सुटलो काय गो तुझ्या?"

"नाय!" ती अभिमानाने म्हणाली. हाच तर आजचा विजय होता. "एक थेंब नाय, आबा."

"माका अजून सुटता," आबा म्हणाले. "पस्तीस वर्सां झाली. नारळ हातातसून निसटात की काय, असा वाटता." एवढंच. रागाने नव्हे, कौतुकानेही नव्हे, बाजारात भाव विचारल्यावर सांगतात तसं. आणि ते पुढे गेले, काठीने वाटेतली करवंटी बाजूला सारून.

ती मागे राहिली. आबांना कसला घाम? गावात त्यांना कोण बोलतं? सगळे तर होयच म्हणतात... सगळे होय म्हणतात. तिने पुन्हा तो हॉल आठवला, ते चौथं 'व्हय', छाती फुटेल एवढं गोड. आणि मग ती थांबली होती. एक, दोन, तीन. ती शांतता काय सुरेख साधलीस, मॅडम म्हणाल्या होत्या, परीक्षकांनीही वेगळे गुण दिले असणार तिला. पण ती साधलेली नव्हती. मला ठाऊक आहे. त्या तीन आकड्यांत जिभेवर पाचवं वाक्य तयार होतं, तयार काय, ते अर्धं ओठांवर आलं होतं, आणि त्या वाक्यात काय होतं ते आता आठवतसुद्धा नाही, कारण काहीच नव्हतं—त्यात विचार नव्हता, खुर्ची नव्हती, नुसतं पुन्हा एकदा ते 'व्हय' ऐकायचं होतं. पाचवं, मग सहावं. दात घट्ट मिटून तिने ते गिळलं होतं. कोणाला दिसलं नव्हतं.

महिनाभर डोळे मिटून ज्या डोक्यात शिरता येत नव्हतं, त्याचं दार आत्ता, वाळूत, असं अचानक उघडं पडलं होतं. आत लाल झेंडा नव्हता, काळा शर्ट नव्हता. लोहाराचा एक मुलगा होता, पहिल्यांदाच कुठल्यातरी चौकात बोलायला उभा राहिलेला, आणि त्याचं वाक्य संपायच्या आधी कोणीतरी होय म्हटलं होतं.

की तेही खोटं? की हेही आपण त्याच्यावर लादतोय, टाळ्या मिळतील म्हणून? हे कुडाळला सांगितलं तर... केवढ्या टाळ्या पडतील! तिला स्वतःचंच हसू आलं, मोठ्याने, आणि हसता हसता अंगावर काटाही आला, आणि दोन्ही एकदमच छान वाटलं. आपण आज किती मोठ्या झालो. सकाळी कुठे एवढ्या होतो!

पुढे आबांची पांढरी टोपी सुरूच्या झाडांत दिसेनाशी होत होती. समुद्र ओहोटीला लागला होता. तिने खिशातून कार्ड काढलं, कोपरा दाबला. ताठ. मग कार्ड दातांत धरून तिने दोन्ही तळहात उघडले आणि समोर धरले, कोणाची तरी वाट बघावी तसे. वारा येत होता. थोड्या वेळाने हात ओलसर लागायला लागले. खारं वारं असेल, संध्याकाळी ते तसंच असतं. किंवा नसेल. ती बघत उभी राहिली.