घासलेले चिमटे

वासंती गेल्याचं हरी देवस्थळींना कळलं ते चिकपेटच्या रविवारच्या बाजारात. ते भंगाराच्या ढिगापुढे उकिडवे बसले होते. वरच्या मजल्यावरच्या शालनचे तीन फोन येऊन गेले होते. सिलिंडर आला असेल, असं समजून त्यांनी ते घेतले नाहीत. चौथा घेतला. "काका, काकू उठत नाहीयेत," शालन म्हणाली, "डॉक्टर येऊन गेले. तुम्ही या." हातातला चिमटा त्यांनी ढिगात टाकला आणि रिक्षा शोधायला उठले.

घड्याळांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथली हत्यारं किलोवर भंगारात गेली. कारखान्याचा शिक्का असलेली हत्यारं हरी नऊ वर्षं शोधून आणत होते, त्यातही घड्याळाचे बारीक भाग उचलायचे चिमटे जास्त. वासंतीने त्याच कारखान्यात बावीस वर्षं घड्याळं जोडली होती. "मी जिथून सुटले तेच तुम्ही घरात आणताय," असं ती म्हणायची, पण आणलेला प्रत्येक चिमटा हातात घेऊन बघायची. मग हरी तो रॉकेलमध्ये बुडवत आणि बफच्या चाकावर धरून लखलखीत करत. शिक्का खोल असायचा, तो तेवढा टिकायचा.

तेरावा झाल्यावर ते चिमट्यांची पेटी घेऊन मल्लेश्वरमला अहल्याक्कांकडे गेले. वासंतीच्या शेजारी बसून बावीस वर्षं काम केलेली ही बाई. वासंतीचा कामावरचा चिमटा यात असला तर तो ओळखून घेऊन हरींना स्वतःपाशी ठेवायचा होता. बाकी सगळं देऊन टाकायला ते तयार होते.

अहल्याक्कांनी झाकण उघडलं. "अय्यो, हरीभाऊ! हे चिमटे आहेत का लग्नातले चमचे?"

"गंज होता हो सगळ्यांवर."

"आणि नंबर कुठे गेले?"

"कसले नंबर? शिक्का आहे की."

"शिक्का काय, सगळ्यांनाच. आतल्या बाजूला आम्ही सुईने आपापला नंबर ओरखडायचो. नाहीतर जेवून येईपर्यंत शेजारणीने पळवलाच म्हणून समजा. तुमच्या बायकोनेच माझा दोनदा पळवलाय."

हरींना ते ओरखडे आठवले. खराबी समजून तिथे त्यांनी चाकावर जास्तच जोर दिला होता.

"टोकावरून नाही कळणार? ती ओळखायची."

"स्वल्प थांबा." त्या एकेक चिमटा उचलून त्याचं टोक नखावर फिरवू लागल्या. प्रत्येक बाई आपल्या हाताला बसेल तसं टोक दगडावर घासून घ्यायची, म्हणाल्या. बारा-तेरा चिमटे झाल्यावर त्यांनी हात थांबवला. "टोकंही गोल केलीत तुम्ही. यांना आता कुणाचा हात लागलाय ते नाही कळत."

दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ हरींना आठवली. वासंती एक चिमटा घेऊन बराच वेळ खिडकीपाशी उभी होती. "हा असाच राहू दे," ती म्हणाली होती. "गंजका कसा ठेवायचा?" असं म्हणून त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि चाक सुरू केलं. ती पोळ्या करायला आत गेली. कारण तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी एकदम पाच-सहा चिमटे घासले होते, आणि सगळे एकाच रांगेत ठेवले होते का, तेही आता आठवेना.

"एक कुठलाही घ्या आणि तोच तिचा म्हणा," अहल्याक्का म्हणाल्या. "कोण विचारायला येणार आहे?"

"मी आहे ना."

अहल्याक्कांनी कॉफी पुढे केली. हरींनी ती अर्धी पिऊन पेटी बंद केली.

घरी आल्यावर त्यांनी बफचं चाक शालनच्या नवऱ्याला देऊन टाकलं. चिमटे त्रेपन्न आहेत. त्यातला वासंतीचा कोणता, ते ठरायचं राहिलं आहे.